बाबांच्या रेकॉर्ड्स परत वाजत्या करताना

बाबांच्या संग्रहातल्या रेकॉर्ड्स आणि कॅसेट्स साफ करायच्या, वाजत्या करायच्या आणि त्यातलं जे दुसरीकडे कुठेच मिळणार नाही ते संगणकावर उतरवून घ्यायचं, हे काम मी जून २०२४मध्ये हाती घेतलं. ते मे २०२५मध्ये संपलं. मधल्या काळात जो भेटेल तो म्हणायचा, "सगळं फोनवर मिळतं, कशाला एवढी यातायात?" आणि ज्यांना खरंच काही विचारावं अशी माणसं गोव्यात शोधून काढावी लागली. तुमच्याही घरात माळ्यावर अशी खोकी असतील तर तुमची तेवढी शोधाशोध वाचावी, म्हणून झालं तसं क्रमाने लिहिते. खर्चाचे आकडे माझ्या पावत्यांवरून घेतले आहेत, तुमच्याकडे ते थोडे पुढेमागे होतील.

या रेकॉर्ड्स माझ्यासाठी काय आहेत ते आधी सांगते. आमचं घर फोंडा तालुक्यात, देवळाच्या जवळ. बाबा शाळेत शिक्षक होते. पगार झाला की घरखर्चातून उरेल त्यात कधी एखादी रेकॉर्ड यायची, कधी यायची नाही. मी हट्टाने परत परत लावायला सांगितलेली पहिली रेकॉर्ड म्हणजे १९६७ सालची 'कॉल ऑफ द व्हॅली'. शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, ब्रिजभूषण काबरांची गिटार आणि माणिकराव पोपटकरांचा तबला. डोंगरातल्या एका मेंढपाळाचा दिवस त्यात उभा केलाय. पहाटेच्या अहीरभैरवाने सुरुवात होते, मग नटभैरव, पिलू, भूप, देस आणि शेवटी पहाडी. मी तेव्हा दहाएक वर्षांची असेन. रागाबिगातलं काही कळत नव्हतं. पण सकाळ, दुपार, तिन्हीसांज यांना आपापला सूर असतो हे त्या रेकॉर्डने माझ्या डोक्यात घातलं ते कायमचं. बाबा समजावून सांगत नसत. एक बाजू संपली की उठून दुसरी लावत, एवढंच.

दुसरी किशोरीताई आमोणकरांची, एका बाजूला भूप आणि दुसऱ्या बाजूला बागेश्री असलेली. बारावीच्या वर्षी ती पहिल्यांदा नीट ऐकली. 'प्रथम सुर साधे' आणि त्यामागून येणारं 'सहेला रे'. भूपात पाचच स्वर, सा रे ग प ध. पण तेवढ्यात त्या कुठून कुठे जाऊन येतात हे ऐकताना मी हातातलं पुस्तक मिटून ठेवलं होतं. तेव्हापासून गाणं लावून दुसरं काम करायची माझी सवय मोडली. आजही गाणं चालू असताना मी भाजीसुद्धा चिरत नाही. किशोरीताईंच्या आई मोगूबाई सांगे तालुक्यातल्या कुर्डीच्या. ते गाव साळावली धरणाच्या पाण्याखाली गेलं, उन्हाळ्यात पाणी ओसरलं की काही आठवडे वर येतं. बाबा आम्हाला एकदा मुद्दाम तिथे घेऊन गेले होते.

बाकी मग नाट्यसंगीत. 'मत्स्यगंधा' आणि 'कट्यार काळजात घुसली', दोन्हींचं संगीत मंगेशीच्या जितेंद्र अभिषेकींचं. 'मत्स्यगंधा'त रामदास कामत आणि आशालता, दोघंही गोव्याचेच. आईच्या आवडीच्या, कोकणी गायिका लॉर्नाच्या ईपी, म्हणजे छोट्या रेकॉर्ड्स. आणि दादाने म्हापशाहून आणलेली रेमो फर्नांडिसची 'गोअन क्रेझी'ची कॅसेट. १९८४ साली शिवोलीतल्या आपल्या घरी बसून त्याने ती रेकॉर्ड केली, हे कळल्यावर आम्हा भावंडांना केवढं आश्चर्य वाटलं होतं. अल्बम म्हणजे मुंबईच्या मोठ्या स्टुडिओतून येणारी वस्तू, अशी आमची समजूत होती.

बाबा २०२१मध्ये गेले. वरच्या खोलीकडे त्यानंतर कोणी फिरकलं नाही. जून २०२४च्या पहिल्या मोठ्या पावसात कौलं फुटून माळ्यावर पाणी गळलं, म्हणून मी आणि दादा वर चढलो. रेकॉर्ड्सच्या खोक्याला हात लावला तर पुठ्ठा हातातच राहिला. आत कव्हरांवर बुरशी, तबकड्यांवर पांढरे ठिपके. आडव्या एकावर एक रचलेल्या असल्यामुळे खालच्या काही वाकल्या होत्या. दादा म्हणाला, "आता हे गेलंच समज." मला तर खोकी बघवतही नव्हती.

इथे पहिली सूचना. बुरशीची खोकी घरात उघडू नका, तोंडाला मास्क लावा आणि पावसाळ्यात साफसफाईला अजिबात सुरुवात करू नका. ओली केलेली तबकडी जुलैत नीट वाळत नाही आणि बुरशी परत येते. पावसाळ्यात एवढंच करा, सगळं एका कोरड्या खोलीत उभं करून ठेवा. मी सर्वात लहान खोली रिकामी केली. ₹४५० चा आर्द्रतामापक आणला, त्यावर ८८ टक्के दाखवत होतं. मग ₹११,५०० चा डिह्युमिडिफायर घेतला. दारं-खिडक्या बंद ठेवून तो चालवला की आकडा ५५ पर्यंत खाली येतो. त्याची टाकी सकाळ-संध्याकाळ ओतावी लागते आणि विजेचं बिल वाढतं. तरी सगळ्या खर्चात हा खर्च मला सर्वात योग्य वाटतो. तुमच्याकडे एसीची खोली असेल तर तो कदाचित लागणारही नाही.

तबकड्या उभ्याच ठेवायच्या, फार सैल नाही आणि फार दाटीवाटीनेही नाही. जुनी प्लॅस्टिकची आतली पाकिटं काढून टाकायची. त्यांच्यात ओल धरून राहते.

जुलै-ऑगस्टमध्ये यादी केली. सव्वाशेच्या आसपास एलपी (मोठ्या रेकॉर्ड्स) आणि ईपी, आजोबांच्या काळातल्या, मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या काही ७८च्या तबकड्या आणि दोन खोकी भरून कॅसेट्स. यादीत कलाकार, कंपनीचा क्रमांक आणि अवस्था असे रकाने होते. शेवटी आणखी एक रकाना घातला, 'दुसरीकडे मिळतं का?' पुढचं सगळं काम त्या एका रकान्याने ठरवलं. किशोरीताईंचा भूप, 'कॉल ऑफ द व्हॅली', अभिषेकींची नाट्यगीतं हे सगळं आज कोणालाही चांगल्या प्रतीत ऐकायला मिळतं. त्या रेकॉर्ड्स मला माझ्यासाठी हव्या होत्या. पण कॅसेट्समध्ये बाबांनी आकाशवाणी पणजीवरून उतरवून घेतलेले कार्यक्रम होते. शिवाय आमच्या देवळातल्या जत्रेतल्या आणि सप्ताहातल्या बैठका होत्या, स्वतःचा टेपरेकॉर्डर सभामंडपात ठेवून घेतलेल्या. गाणारे गावचेच, बहुतेक आता हयात नाहीत. त्यांची एकही तबकडी कधी निघाली नाही. म्हणून कॅसेट्स आधी करायच्या आणि रेकॉर्ड्स आपल्या वेळाने, असं ठरलं. कोणाला एकच सल्ला द्यायचा झाला तर मी हा देईन. नावाजलेल्या अल्बमची तबकडी गेली तर जीव हळहळतो, पण ते गाणं शाबूत असतं. घरगुती कॅसेट गेली की गाणंच जातं.

७ सप्टेंबरला चतुर्थी होती. सगळे घरी आले होते, तेव्हा मी एक कागद पुढे केला. संग्रह सगळ्यांचा आहे, त्याची देखभाल मी करेन, ध्वनिमुद्रणाच्या प्रती सगळ्यांना मिळतील आणि योग्य वाटल्यास एखाद्या संस्थेला देता येतील, असा साधा मजकूर. गोव्याच्या कायद्याप्रमाणे निम्मं आईचं आणि बाबांच्या निम्म्यात आम्ही मुलं सारख्या वाट्याची. वाटणीसाठी होणाऱ्या इन्व्हेंटरीत, म्हणजे मालमत्तेच्या यादीत, घर आणि भाट (माडांची बाग) येतं, रेकॉर्ड्सचा विषयही कोणी काढत नाही. वहिनी म्हणाली, "आपल्याच घरात सह्या कशाला?" पण आईने सगळ्यांच्या आधी सही केली. हा कागद पुढे फार उपयोगी पडला.

चतुर्थी आटोपल्यावर बाबांचा टर्नटेबल, म्हणजे रेकॉर्ड वाजवायचं यंत्र, मडगावच्या एका वयस्क मेकॅनिककडे नेला. असली यंत्रं दुरुस्त करणारे फार थोडे उरलेत. पत्ता मला एका चर्चच्या बँडवाल्याने दिला. त्यांनी तबक उचललं. आत रबरी बेल्ट वितळून डांबरासारखा चिकटला होता. ते म्हणाले, "बाय, मोटर बरी आसा. बेल्ट गेला, इतलेंच." मी तिथेच खुर्चीवर बसले. बेल्टचं माप त्यांनी दोरा गुंडाळून घेतलं आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून तो मागवला. तीन आठवडे लागले. बेल्ट, तेलपाणी आणि स्विचची दुरुस्ती मिळून ₹२,४०० झाले.

सुई मात्र झिजली होती. भिंगाखाली त्यांनी ती मला दाखवली. टोक एका बाजूने सपाट झालं होतं. अशा सुईने रेकॉर्ड वाजवली तर खाच कायमची खरवडली जाते. बाबांच्या यंत्राला शुअर कंपनीचं काट्रिज (सुई जिच्यात बसते ती छोटी डबी) आहे आणि त्या कंपनीने २०१८मध्ये काट्रिज बनवणं थांबवलं. जपानची जिको नावाची कंपनी जुन्या काट्रिजना बसणाऱ्या सुया अजून बनवते. तिथून एलपीची एक आणि ७८च्या तबकड्यांसाठी जाड टोकाची एक अशा दोन सुया मागवल्या. कुरियरसकट ₹११,२०० पडले. ७८ची खाच एलपीपेक्षा खूप रुंद असते. एलपीची सुई तिच्यात तळाशी घासत जाते, म्हणून दोन सुया लागतातच. ७८च्या तबकड्या नसतील तर हा खर्च जवळजवळ निम्म्यावर येईल.

ऑर्डर १० ऑक्टोबरला दिली. पुढच्या आठवड्यात पाकीट मुंबईत आलं आणि कस्टम्समध्ये अडकलं. कुरियरवाल्यांचा निरोप आला की केवायसी हवं. आधार, पॅन, बिल, पैसे भरल्याचा पुरावा आणि माझ्या वतीने काम करण्याचं अधिकारपत्र. ते दिलं. मग विचारणा आली, वस्तू काय आहे? बिलावर फक्त मॉडेलचा क्रमांक होता. मी टर्नटेबलचा फोटो काढला, त्यावर सुईच्या जागी बाण काढला आणि खाली 'रेकॉर्ड प्लेअरची सुई, घरगुती वापरासाठी' असं लिहून पाठवलं. त्यानंतर नावाचा प्रश्न आला. पॅनवर माझं लग्नाआधीचं नाव आहे, आधारवर नंतरचं. विवाह नोंदणीचा दाखला पाठवल्यावर ते मिटलं. या काळात मी रोज ट्रॅकिंगचं पान उघडायचे आणि रोज तेच एक वाक्य दिसायचं. दिवाळी त्यातच गेली. शेवटी कर आणि कुरियरचं हाताळणी शुल्क मिळून ₹४,८५० ऑनलाइन भरले आणि नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पाकीट दारात आलं.

तुम्ही मागवणार असाल तर विक्रेत्याला आधीच सांगा, बिलावर वस्तूचं साधं वर्णन आणि किंमत स्पष्ट लिहा म्हणावं. ऑर्डरवरचं नाव आणि पत्ता ओळखपत्राशी तंतोतंत जुळू दे. कराची रक्कम वेगळी बाजूला काढून ठेवा. भेट म्हणून पाठवलं तर कर लागत नाही असं कोणी सांगेल, ती सवलत २०१९च्या शेवटी बंद झाली आहे.

सुई वाटेत असताना इकडे पाऊस सरला होता. आर्द्रता उतरल्यावर तबकड्या धुवायला घेतल्या. डिस्टिल्ड वॉटर, त्यात थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि भांडी धुण्याच्या द्रवाचा एखादाच थेंब. नळाचं पाणी वापरू नका, त्यातले क्षार खाचेत बसतात. तबकडी स्वच्छ टॉवेलवर ठेवायची, मधल्या लेबलवर प्लॅस्टिकचं झाकण दाबून धरायचं आणि मऊ ब्रशने खाचेच्या दिशेने, गोल गोल, हलक्या हाताने फिरवत जायचं. आडवा ब्रश कधीच मारायचा नाही. मग नुसत्या डिस्टिल्ड वॉटरने दोनदा धुवायचं, मायक्रोफायबरच्या फडक्याने टिपायचं आणि सावलीत उभी करून वाळवायची. उन्हात नको, तबकडी लगेच वाकते. सगळं सामान ₹१,६०० चं आणि नवी आतली पाकिटं पोस्टखर्चासह ₹३,१०० ची.

७८च्या तबकड्यांना मात्र अल्कोहोल अजिबात लावू नका. त्या लाखेच्या असतात आणि अल्कोहोलने पृष्ठभाग विरघळतो. नुसतं डिस्टिल्ड वॉटर, तेही कमी, आणि लगेच टिपून घ्यायचं.

किशोरीताईंची रेकॉर्ड मी एका रविवारी सकाळी धुतली. बागेश्रीच्या बाजूवर अंगठ्याएवढा बुरशीचा डाग होता. ब्रश फिरवताना पाणी आधी करडं झालं, मग तपकिरी. तिसऱ्या पाण्यानंतर तबकडी खिडकीच्या उजेडात तिरकी धरली तेव्हा डागाखालच्या खाचा पुन्हा दिसू लागल्या, बारीक आणि सलग, बाजूच्या खाचांसारख्याच. आई दारात उभी होती. ती एवढंच म्हणाली, "पुस, पुस, पाणी सुकतंय."

जोडणीबद्दल थोडं. रेकॉर्डवर खाचा कोरताना खर्ज मुद्दाम कमी आणि तार स्वर जास्त केलेले असतात. ते पूर्ववत करायला फोनो प्रीअँप लागतो. मी तो ₹४,२०० ला घेतला. नव्या टर्नटेबलांत तो बहुतेकदा आतच असतो. सुरुवातीला स्पीकरमधून सतत घूंऽऽ असा आवाज येत होता. टर्नटेबलच्या मागची अर्थिंगची बारीक तार प्रीअँपच्या स्क्रूला जोडली आणि तो थांबला. सुईचा भार तिच्या पाकिटावर लिहिलेला असतो, तो छोट्या ग्रॅमच्या काट्यावर मोजूनच ठेवा, अंदाजाने नको. भार कमी पडला तर सुई उडते आणि खाच जास्त खराब होते.

नोव्हेंबरच्या शेवटी पहिल्यांदा 'कॉल ऑफ द व्हॅली' लावली. थोडी चरचर होती. मग संतूर आलं. आई आणि मी पहिली बाजू संपेपर्यंत एक शब्द बोललो नाही. बाजू संपल्यावर आई उठली आणि तिने स्वतः तबकडी उलटी केली. बाबा असताना तिने त्या यंत्राला कधी हात लावलेला मला आठवत नाही.

डिसेंबरपासून कॅसेट्स. कॅसेट वाजवायचा जुना डेक ₹८,००० ला मिळाला, त्याच मेकॅनिकने ₹१,८०० त तो दुरुस्त करून दिला. कॅसेट सरळ वाजवायला घेऊ नका. आधी ती एकदा पुढे आणि एकदा मागे पूर्ण गुंडाळून घ्या, वर्षानुवर्षं चिकटलेले थर सुटे होतात. आतली स्पंजची बारीक गादी गळून पडलेली असेल तर टाकाऊ कॅसेटमधली काढून बसवता येते. स्क्रूवाल्या कॅसेट सहज उघडतात. जोड चिकटवलेली असेल तर रीळ काढून स्क्रूवाल्या रिकाम्या कव्हरात घालायचं. बुरशी लागलेली कॅसेट वाजवल्यावर डेकचं हेड अल्कोहोलने पुसल्याशिवाय दुसरी लावायची नाही.

आता या सगळ्यातली सर्वात महत्त्वाची गोष्ट, जी मला मेकॅनिककाकांनी शिकवली. हेडच्या बाजूला एक इवलासा स्क्रू असतो. हेड टेपवर किती काटकोनात बसतं ते त्याने ठरतं. प्रत्येक टेपरेकॉर्डरचा कोन थोडा वेगळा, त्यामुळे बाबांच्या यंत्रावर भरलेली कॅसेट दुसऱ्या डेकवर दबलेली ऐकू येते. काकांनी देवळातली एक बैठक लावली. गाणाऱ्या बुवांचा आवाज जाड गोधडीतून यावा तसा येत होता. मग त्यांनी पेचकस स्क्रूवर ठेवला आणि केसभर फिरवला. झांजेचा आवाज वर आला. आणखी किंचित फिरवल्यावर तंबोऱ्याच्या तारा वेगळ्या ऐकू आल्या. मग बुवांच्या 'स' आणि 'श'ला धार आली आणि मागे कोणीतरी "व्वा!" म्हणालं ते स्पष्ट कळलं. तो बाबांचा आवाज होता. काकांनी पेचकस खाली ठेवला आणि टेप तशीच चालू दिली.

हे प्रत्येक कॅसेटला करावं लागतं. झांज किंवा तंबोरा ऐकत स्क्रू फिरवायचा आणि आवाज सर्वात मोकळा होईल तिथे थांबायचं. नंतर संगणकावर कितीही खटाटोप केला तरी इथे गेलेलं परत आणता येत नाही.

संगणकावर घेण्यासाठी ₹७,८०० चा ऑडिओ इंटरफेस, म्हणजे डेकचा आवाज संगणकात नेणारं छोटं यंत्र, आणला. ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर फुकट आहे. मी २४ बिट आणि ९६ किलोहर्ट्झवर घेतलं. एका तासाला साधारण दोन जीबी लागतात. आवाजाची सर्वोच्च पातळी उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ द्यायची नाही. मूळ फाइल जशीच्या तशी ठेवायची आणि चरचर काढायची ती फक्त प्रतीवर, तीही जपून. सॉफ्टवेअर चरचरीबरोबर तंबोराही खाऊन टाकतं. रेकॉर्डिंग चालू असताना छताचा पंखा बंद. लॅपटॉप बॅटरीवर असतो, पण वीज गेली की डेक थांबतो आणि आमच्याकडे वीज जाते, म्हणून जुना यूपीएस डेकला लावला. दोन हार्ड डिस्क, ₹१३,००० च्या. एक माझ्याकडे पणजीत, एक दादाकडे.

नव्वद मिनिटांची कॅसेट उतरवायला नव्वद मिनिटं लागतातच. बँकेतून येऊन रात्री एखादीच व्हायची. जानेवारीत मी कंटाळले होते आणि कोणाला तरी पैसे देऊन करून घ्यावं असा विचारही केला. पण प्रत्येक कॅसेटवर बाबांच्या अक्षरात तारीख, गायक आणि कधीकधी राग असायचा. काही ठिकाणी ते अक्षर फक्त आम्हालाच लागतं. फेब्रुवारीच्या शेवटी कॅसेट्स संपल्या. तीन-चार वाचल्या नाहीत. त्यातली एक १९८०च्या दशकातल्या जत्रेतली होती, आणि ती न वाचल्याचं दुःख अजून आहे.

मार्चमध्ये शिगम्याच्या सुट्टीत ७८च्या तबकड्या. त्यातली एक केसरबाई केरकरांची. त्या आमच्याच तालुक्यातल्या केरीच्या. त्यांच्या भैरवीची 'जात कहां हो' ही चीज १९७७मध्ये व्हॉयेजर यानांसोबत अवकाशात गेली. व्हॉयेजर १ निघालं ५ सप्टेंबरला आणि १६ सप्टेंबरला केसरबाई गेल्या. आजोबांकडची तबकडी ती नव्हे, पण आवाज तोच. तीन-साडेतीन मिनिटांत पूर्ण राग मांडलेला, एक सूर वाया नाही. जुन्या ७८ना एलपीचं खर्ज-ताराचं गणित लागू पडत नाही, त्यामुळे आवाज कानाने थोडा दुरुस्त करून घ्यावा लागतो.

मग प्रश्न आला प्रती द्यायचा. भाचरं म्हणाली, यूट्यूबवर टाकू या. मी कॉपीराइटचा कायदा वाचून काढला. प्रकाशित ध्वनिमुद्रणाचा हक्क, ज्या वर्षी ते प्रकाशित झालं त्याच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं टिकतो. म्हणजे आजोबांच्या ७८ मोकळ्या झाल्यात, पण १९६७ची 'कॉल ऑफ द व्हॅली' २०२७ संपेपर्यंत नाही. देवळातल्या बैठका प्रकाशितच झालेल्या नाहीत, पण तिथे गाणाऱ्याचा स्वतःचा हक्क असतो आणि तो ५० वर्षांचा. म्हणून त्या त्या गायकाच्या घरी जाऊन लेखी संमती घेतली. हे काम मला कठीण वाटत होतं, ते सर्वात सुखाचं निघालं. एका घरी बुवांचा मुलगा, आता साठीचा, कानाला फोन लावून वडिलांचं गाणं ऐकत पडवीत उभा राहिला. त्याच्याकडे वडिलांचा फोटो होता, आवाज नव्हता. त्याने सही केली आणि मला जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही.

बैठकांची एक प्रत देवस्थानला द्यायचं ठरवलं. गोव्यातल्या देवस्थानांचा कारभार १९३३च्या नियमांप्रमाणे चालतो, त्यामुळे नुसती डिस्क नेऊन देता येत नाही. समितीकडे अर्ज दिला, सोबत यादी आणि संमतिपत्रं. अध्यक्षांनी विचारलं, संग्रह तुमचा एकटीचा आहे का? तेव्हा चतुर्थीचा तो सह्यांचा कागद काढून दिला. एप्रिलची सभा गणपूर्तीअभावी पुढे गेली. मेच्या सभेत ठराव झाला आणि २० मेला मला आवक क्रमांकासह पोच मिळाली. अट एवढीच घातली आहे की ध्वनिमुद्रणं देवळात कोणालाही ऐकता येतील, विकता येणार नाहीत.

सगळा खर्च ₹७०,००० च्या आसपास झाला. तो एकदम करावा लागला नाही, वर्षभर विभागून झाला. फक्त कॅसेट्सच असतील तर डेक, इंटरफेस आणि डिस्क यांवर निम्म्याहून कमी पैशांत काम होईल. सुरुवातीला एक डिस्क आणि एखाद्या मित्राचा डेक घेऊनही चालेल.

माळ्यावर खोकी असतील तर पाऊस लागण्याआधी ती खाली काढा आणि उभी करून कोरड्या खोलीत ठेवा. यादी करायला पावसाळा पुरतो. ज्यांना देवळातल्या किंवा रेडिओवरच्या जुन्या कॅसेट्स उतरवायच्या असतील आणि डेक मिळत नसेल, त्यांनी मला लिहा. माझा डेक शनिवार-रविवारी मोकळा असतो आणि स्क्रू फिरवायला मी शिकवीन.